परबांची गादी

विष्णू परब हवेला गाल लावायचे. याला दुसरा शब्द मला आजपर्यंत सापडलेला नाही. शेडच्या दारात उभं राहून ते चष्मा काढायचे, मान वळवायचे, डोळे मिटायचे आणि डावा गाल पुढे करून तसेच थांबायचे. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावरून आई हात काढते तसा मग ते चेहरा मागे घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "सुकी हा. पाणी व्हया." किंवा "आज बरी हा." पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा मला वाटलं, कॅन्टीनच्या या नव्या माणसाला एका कानानं कमी ऐकू येत असावं.

मी तेव्हा मुलुंडला आग्रा रोडवरच्या एका कारखान्याच्या वेल्फेअर ऑफिसात होते. रस्त्याचं नाव बदलून बरीच वर्षं झाली होती, पण आम्ही सगळे आग्रा रोडच म्हणायचो. कारखान्यात विजेच्या मोटारी बनत. वेल्फेअर ऑफिस म्हणजे ज्या कामांना दुसऱ्या कुठल्याच खात्यात थारा मिळत नाही, ती कामं येऊन पडण्याची जागा. अपुरे युनिफॉर्म, तुंबलेले संडास, डाळीतले खडे, आणि त्यातच कॅन्टीनचं खरकटं. माझं वय सव्वीस होतं. त्या वयातच मी किती दमलेली दिसत होते, ते आता जुने फोटो बघताना कळतं.

त्यात माझं घर कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या सोसायटीत. ऑफिस घरापासून पाच मिनिटांवर म्हणून माझा हेवा करणारे पुष्कळ होते. त्यांना त्या भिंतीपलीकडची शेड माहीत नव्हती. पूर्वी कॅन्टीनचं खरकटं डुकरांसाठी एक जण घेऊन जायचा. तो यायचा बंद झाला, आणि म्युनिसिपाल्टीची गाडी लहर लागेल तशी यायची. तेव्हा आमचे फॅक्टरी मॅनेजर नाडकर्णी साहेब यांनी ठरवलं, की मागच्या रिकाम्या शेडमध्ये खरकट्याचं खत करायचं आणि ते कारखान्याच्या बागेला घालायचं. कागदावर सगळं झकास होतं. प्रत्यक्षात आठशे माणसांच्या ताटातला उरलेला भात, आमटी, माशांची डोकी आणि कोबीचे देठ एका बंद जागेत कुजायला लागले की काय होतं, हे कागदावर येत नाही. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी सहा महिने बंद होती. आई म्हणायची, "तुझी कंपनी आम्हालाही जेवायला घालते हो. नाकातून."

सोसायटीचे सेक्रेटरी दिघेकाका रिटायर्ड पोस्टमास्तर होते आणि त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. त्या अक्षरात त्यांनी म्युनिसिपाल्टीला तक्रारअर्ज लिहिला. एक प्रत मला घरी आणून दिली. "तुझ्या माहितीकरता," म्हणाले, आणि आईनं केलेला चहा पिऊन गेले. ऑफिसात नाडकर्णी साहेबांसमोर ती प्रत ठेवली तेव्हा साहेब म्हणाले, "जोशी, तू त्या सोसायटीत राहतेस ना? मग त्यांना समजव. नाहीतर वास बंद कर. दोन्हीतलं एक कर, पण माझ्या डोक्याला ताप नको."

परब त्याच सुमारास आले. गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. परळच्या एका गिरणीत अठ्ठावीस वर्षं काढलेला हा माणूस पन्नाशीला आल्यावर आमच्या कॅन्टीनमध्ये कंत्राटावर मोठे टोप घासायला आणि खरकटं शेडमध्ये नेऊन टाकायला लागला. भांडुपला डोंगरावर कुणाच्या तरी खोलीत एकटेच राहायचे. संपानंतर परळची खोली गेली, तेव्हा बायकोला कणकवलीजवळच्या गावी पोचवून आले होते. तिचा विषय निघाला की एकच वाक्य असायचं, "पर्मनंट झालंय की तिका घेऊन येतलंय." त्यात तक्रारीचा सूर नसायचा. गाडीची वेळ सांगावी तसं ते सांगायचे.

नाडकर्णी साहेबांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना बोलावून स्वच्छ सांगितलं होतं. मीही तिथे होते. "परब, ही शेड आहे म्हणून तुमचं काम आहे. वास बंद झाला, शेड टिकली, तर पर्मनंटच्या यादीत तुमचं नाव घालतो. शेड बंद झाली तर मला तुमचं काही करता येणार नाही." परबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "साहेब बरो हा. खोटां बोलना नाय."

नंतर साहेब कामासाठी जर्मनीला जाऊन आले. येताना एक माहितीपत्रक घेऊन आले आणि ते माझ्या टेबलावर टाकून म्हणाले, "हे वाच. तिकडे असं करतात." त्यात एका यंत्रणेचं चित्र होतं. बायोफिल्टर. ती यंत्रणा आपल्याला परवडायची नाही हे साहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं. मी दुपारी जेवणं उरकल्यावर परबांना कॅन्टीनच्या बाकावर बसवलं आणि चित्र समजावून सांगायला लागले. शेडमधली घाण हवा पंख्यानं ओढायची. ती भोकं पाडलेल्या पाइपांतून जमिनीलगत सोडायची. त्या पाइपांवर झाडांच्या साली आणि जुनं खत यांचा जाड थर घालायचा. हवा त्या थरातून वर येते. थर ओला असतो, त्या ओलीत सूक्ष्म जंतू राहतात, आणि वासाचे वायू तेच खाऊन टाकतात. वर निघते ती साधी हवा.

परबांनी चित्र उलटसुलट करून बघितलं. "हवा आत जाताना ओली हा काय?" असं विचारलं. मी शोधलं. होती. पंखा आणि थर यांच्या मधे हवेला पाण्याच्या फवाऱ्यातून जावं लागत होतं.

"मग बाईंनू," ते म्हणाले, "ह्यां आमचांच डिपार्टमेंट हा."

तेव्हा मला कळलं की गिरणीत ते साच्यावर, म्हणजे मागावर, नव्हतेच. साचाखात्यातली हवा ओली ठेवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. मोठे पंखे, पत्र्याची भुयारं, पाण्याचे फवारे. "हवा सुकली की धागो तुटता," ते म्हणाले. "धागो तुटलो की साचो थांबता. साचो थांबलो की जॉबर पयलो माका शिव्या घालता." अठ्ठावीस वर्षं मुकादमाच्या त्या शिव्या चुकवता चुकवता त्यांचा गाल तयार झाला होता. खात्यात भिंतीला ओल मोजायचं यंत्र होतं, पण ते पुष्कळदा बंद पडायचं आणि हे बंद पडायचे नाहीत.

त्यानंतरचा दीड महिना हा माणूस वेगळाच होता. भंगारातून एक जुना पंखा काढला आणि वाइंडिंगवाल्यांच्या मिनतवाऱ्या करून तो दुरुस्त करून घेतला. सिमेंटचे पाइप आणून त्यांना भोकं पाडली. पाइपांवर खडी घातली. तिच्यावर नारळवाल्याकडची सोडणं, पॅकिंग खात्यातल्या खोक्यांच्या लाकडाचे तुकडे आणि आमच्याच पहिल्या खड्ड्यातलं मुरलेलं खत असं सगळं कालवून कमरेएवढा थर रचला. फवाऱ्याच्या जागी गोणपाटाचे पडदे टांगले आणि वरून पाण्याची बारीक धार सोडली. हवा त्या ओल्या पडद्यांतून जायची. शेडच्या फटीही गोणपाटानं बुजवल्या, म्हणजे हवा दुसरीकडून पळायला नको. चार खाटा एकत्र जोडाव्यात एवढी ती रचना झाली. कॅन्टीनवाल्यांनी तिचं नाव ठेवलं परबांची गादी. येता-जाता विचारायचे, "काय शेट, गादीवर कधी बसताय?" परब म्हणायचे, "गादी माझी नाय. भाडेकरूंची हा." भाडेकरू म्हणजे ते जंतू.

पंखा चालू केला आणि चार दिवस काहीही झालं नाही. वास होता तसाच. पाचव्या दिवशी मी वैतागून शेडमध्ये गेले, तर परब शांतपणे झारीनं पाणी शिंपडत होते.

"घाई करू नकात," म्हणाले. "खोली बांधली म्हणान भाडेकरू दुसऱ्या दिवशी येता काय? त्यांका वसतीक येवक येळ लागता."

"पण पाणी जरा जास्त घातलं तर लवकर येतील ना?"

"शिंपडूचां, ओतूचां नाय. बुडालेलो माणूस श्वास घेता काय?"

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी आईनं कपडे वाळत घालायला स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि बंद करायची विसरली. मी भाजी चिरत होते. आमटीला उकळी आली, ती उतरवून झाली, आणि मग आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं. आईनं ताट वाढताना मला एक पोळी जास्त वाढली. कंपनीत मला पुढे दोनदा बढती मिळाली, पण त्या पोळीइतकं काही गोड लागलं नाही.

दिघेकाकांचा मात्र विश्वास बसेना. त्यांच्या मते ही कंपनीची काहीतरी लबाडी होती. अखेर मी त्यांनाच शेड बघायला घेऊन आले. ते नाकाला रुमाल लावून आले. परबांनी त्यांना गादीजवळ नेलं आणि "वाकून श्वास घेवा" म्हणून सांगितलं. दिघेकाकांनी रुमाल दोन बोटं खाली घेतला, मग पूर्ण काढला.

"मातीचा वास येतोय," ते म्हणाले. "रानातल्यासारखा. आणि तो दुसरा वास कुठे गेला?"

परब म्हणाले, "जंय कोणाचो तरी वास आसता, थंय वास येना नाय."

दिघेकाकांनी ते मनात दोन वेळा घोळवलं. वास म्हणजे राहणं आणि वास म्हणजे दुर्गंध. पोस्टमास्तरांना गादीपेक्षा ती कोटीच जास्त आवडली असावी, कारण महिनाभर सोसायटीत भेटेल त्याला ती ऐकवत होते. मी त्यांना म्हटलं, "काका, मग आता तो तक्रारअर्ज मागे घ्या." त्यावर ते विचारात पडले. म्हणाले, "अगं, अर्ज करायची पद्धत असते. मागे घ्यायची कुठे असते?" तो अर्ज तसाच राहिला आणि आपल्या गतीनं कुठल्या कुठल्या टेबलांवरून पुढे सरकत राहिला.

गादीचं काम संपणारं नव्हतं, हे मला हळूहळू समजलं. सकाळ-संध्याकाळ पाणी. महिन्यातून एकदा थर काट्यानं उकरून मोकळा करायचा. पडद्यांवरची बुळबुळ धुवायची. आणि हे सगळं रविवारी, पंधरा ऑगस्टला, दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा. परब भांडुपहून चालत यायचे. कधी मी घरच्या खिडकीतून बघायचे, तर सुट्टीच्या दिवशी आख्ख्या कारखान्यात एकच माणूस झारी घेऊन फिरत असायचा. मी एकदा म्हटलं, "परब, एक दिवस नाही आलात तर काय होईल?" ते म्हणाले, "यंत्र सुट्टी घेता. जीव घेना नाय." मग म्हणाले, "माकाय कंटाळो येता, बाईंनू. पण सांगतलंय कोणाक?"

पहिल्या वर्षी ते गणपतीला गावी गेले नाहीत. कोकणातला माणूस मुंबईत कितीही पिचलेला असो, गणपतीला घरी जातो, हे वेगळं सांगायला नको. नोकरी सोडून जाणारे मी पाहिलेत. परब गेले नाहीत, कारण गादी नवी होती. त्या दिवाळीला पर्मनंटची यादी लागली तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. साहेब म्हणाले, "हेड ऑफिस म्हणतं, एक वर्ष नीट चालू दे. पुढच्या दिवाळीला नक्की." मी हे सांगितल्यावर परबांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, "येतां येतां येतली." बायकोबद्दल बोलत होते.

दुसऱ्या वर्षी मात्र जाणं भाग होतं. मोठा भाऊ वारला होता आणि घरच्या गणपतीचं सगळं आता यांच्यावर आलं होतं. सहा दिवसांची रजा घेतली. जायच्या आधी दोन दिवस त्यांनी मला शेडमध्ये उभं करून शिकवलं. गाल लावायला सांगितलं. मला काहीच कळेना. नुसतं गार वाटायचं. ते हसले नाहीत. म्हणाले, "ऱ्हवांदे. मुठीन करा." थरातलं मूठभर घ्यायचं आणि घट्ट दाबायचं. एक थेंब पडला पाहिजे. पडला नाही तर पाणी द्यायचं, दोन-तीन पडले तर थांबायचं. मग झारी माझ्या हातात देऊन म्हणाले, "आणि पाण्याशिवाय दुसरां काय्येक घालू नकात. देवाचां तीर्थ पण नको."

मला हे सांगितलेलं होतं. ते मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

चौथ्या दिवशी दुपारी नाडकर्णी साहेबांनी बोलावलं. दिघेकाकांचा अर्ज अखेर योग्य त्या टेबलावर पोचला होता. उद्या सकाळी म्युनिसिपाल्टीचे आरोग्य अधिकारी शेड बघायला येणार होते. साहेब स्वतः माझ्याबरोबर शेडपर्यंत आले आणि दारात उभं राहून त्यांनी नाक वर केलं.

"हा कसला वास येतोय?"

"मातीचा, सर. गादीचा असतो तो नेहमीच."

"मला माहीत आहे ग. तुला माहीत आहे. त्या अधिकाऱ्याला माहीत आहे का? त्याला काय वाटेल, कुजतंय काहीतरी. हॉस्पिटलसारखा वास आला पाहिजे, जोशी. स्टोअरमधून फिनाईल काढ आणि सगळीकडे मारून घे."

मी स्टोअरच्या स्लिपवर सही केली आणि काळ्या फिनाईलचे दोन डबे काढले. सफाईवालीनं फरशी धुतली, गटार धुतलं, भिंती हात पोचेल तिथपर्यंत पुसल्या. एक डबा अर्धा उरला. ती पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "बाई, गादीवर पण मारू काय?"

संध्याकाळचे सहा वाजले होते. मी सकाळपासून उभी होते. परबांचं वाक्य मला आठवत नव्हतं असं नाही. पण माझ्या आईच्या घरी पाहुणे यायचे असले की आधी फिनाईलनं लादी पुसली जायची. आम्हा सगळ्यांना लहानपणापासून स्वच्छतेचा तो एकच वास ठाऊक होता. गादीतून येणारा ओल्या मातीचा वास मला त्या क्षणी, उद्याच्या त्या अनोळखी माणसाच्या नाकानं घेतल्यासारखा, गलिच्छ वाटला. मी म्हटलं, "मार थोडं."

तिनं उरलेला डबा पूर्ण ओतला. मी बघत होते.

अधिकारी आले. दारातच थांबून त्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "वा, प्रसन्न वाटतंय." आत दोन पावलंसुद्धा नीट टाकली नाहीत. चांगला शेरा लिहून दिला. नाडकर्णी साहेब मला "शाब्बास, जोशी" म्हणाले, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खूप आनंद झाला.

परब दोन दिवसांनी आले ते स्टेशनवरून थेट शेडमध्येच. हातात गावाहून आणलेल्या उकड्या तांदळाची पिशवी होती. मी त्यांच्या मागोमाग गेले. त्यांनी दारात चष्मा काढला, मान वळवली आणि मधेच थांबले. गादीतलं मूठभर उचललं, नाकाशी नेलं, परत जागेवर ठेवलं. मग पाइपाच्या तोंडाशी बसून राहिले. इतका वेळ ते नुसते बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

"कोण इल्लो हयसर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "इन्स्पेक्शन होतं. सगळीकडे फिनाईल मारायला साहेबांनी सांगितलं." यातला एकही शब्द खोटा नव्हता. परबांनी मान हलवली. तांदळाची पिशवी माझ्याकडे देऊन म्हणाले, "आईक देवा." आणि शर्ट काढून कामाला लागले.

फिनाईलचा वास उडाला तसा त्याच्याखालून जुना वास वर आला. आठ दिवसांत आमच्या सोसायटीतल्या खिडक्या पुन्हा लागल्या. परबांनी वरचा थर काढून टाकला, खालचा पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतला, कुठून कुठून जुनं खत आणून कालवलं. मी रविवारी जाऊन त्यांना घमेली भरून द्यायचे. सांगायचं आहे, आज सांगायचं आहे, असं मनाशी घोकत जायचे आणि घमेली भरून परत यायचे. यावेळी दिघेकाकांनी अर्जाच्या वाटेला न जाता सरळ आमच्या एका डायरेक्टरांना घरी फोन केला. चांगला शेरा मिळवून दाखवणाऱ्या साहेबांचं त्यामुळे जास्तच हसं झालं.

त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "वर्षभर चालत होतं. सहा दिवसांत काय झालं? कोणी काय केलं?"

मी तोंड उघडलं असेल. मला तसं आठवतं. पण परब आधी बोलले. "साहेब, माझां चुकलां. जाताना पाण्याचो अंदाज चुकलो. मी गावाक जावूक नको होतंय. तीन आठवडे देवा, परत उभी करतंय."

साहेबांनी एक आठवडा दिला. एका आठवड्यात भाडेकरू येत नाहीत, हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं. आठवड्यानंतर शेडला कुलूप लागलं, आणि महिनाअखेरीस परबांचं कंत्राट संपलं. दिवाळी तीन आठवड्यांवर होती.

शेवटच्या दिवशी ते शेडची किल्ली आणि गमबूट परत करायला ऑफिसात आले. बूट धुऊन, आतून पुसून आणले होते. मी सही घेतली आणि मग मला राहवलं नाही. म्हटलं, "परब, गादीवर फिनाईल मारायला मी सांगितलं. साहेबांनी नव्हतं सांगितलं. मीच."

"म्हायत हा," ते म्हणाले. "त्या सफाईवालीन पयल्याच दिवशी सांगल्यान."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?" मी रडत होते. मला माझा रागच आला होता, की रडायचं काम त्यांचं असताना मी रडत होते.

परब खुर्चीवर बसले. ऑफिसात ते कधी खुर्चीवर बसत नसत. मग माझ्यासाठी मुद्दाम शहरी मराठीत, सावकाश बोलले. "तुमचं नाव घेतलं असतं तर साहेबांनी तुम्हाला काढलं असतं. आणि शेड बंद झाली ती झालीच असती, म्हणजे मी पण गेलोच असतो. दोघं जाऊन काय फायदा? आज ना उद्या हे साहेब जातील, दुसरे येतील. कोणीतरी शेड उघडायचं म्हणेल. तेव्हा त्याला सांगायला कोण पाहिजे की नको? मी राहून माझं कोण ऐकणार? तुमचं ऐकतील. आणि काय घालायचं नाय, ते आता तुमच्याइतकं कोणाला कळणार नाय." ते उठले. "सांगशात ना?"

मी म्हटलं, "सांगेन."

ते गावी गेले. बायकोला मुंबईला आणायचं राहिलं आणि तेच तिच्याकडे गेले. दोन पत्रं आली, दोन्हींत आईची चौकशी होती. पुढे काही वर्षांनी तिसरं आलं, ते त्यांच्या शेजाऱ्यानं लिहिलेलं होतं. पाणी शेंदताना विहिरीवर बसले ते उठलेच नाहीत, असं त्यात होतं. मी ते पत्र टेबलाच्या खणात ठेवलं आणि त्या दिवशी युनिफॉर्मची मापं घेतली.

नाडकर्णी साहेब परबांच्या मागून दोनच वर्षांत गेले. मी राहिले. त्यांच्या नंतर आलेल्या मॅनेजरांपैकी एक तरुण होते, उत्साही होते. आल्यावर महिन्याभरात त्यांनी सगळा कारखाना पायी फिरून बघितला. त्या शेडमध्ये तोवर स्कूटर लावत असत. तिच्यासमोर थांबून त्यांनी मला विचारलं, "जोशीबाई, तुम्ही इथल्या जुन्या. कॅन्टीनचं एवढं खरकटं रोज वाया जातं. इथे त्याचं खत करता येईल का हो?"

मी त्यांच्याकडे बघितलं. बाजूला कुणी नव्हतं. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. पण सांगायला घेतलं की मागचं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि मी फार दमलेली होते.

मी म्हटलं, "पूर्वी करून बघितलंय, सर. वास येतो."